अठरा किलो, पेटीसकट

पेटी मी उचलली आणि अंदाज सांगितला: अठरा किलो.
अठ्ठावीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
पाठीचाच काटा केलाय,
अर्ध्या किलोचा फरक पडत नाही सहसा.
पोरगी हसली. तिला आकडा कळला नसावा,
खांदा बदलायची पद्धत कळली.

शाळेचं पत्र होतं: बँडची देवाणघेवाण,
ऐझॉलची एकवीस मुलं, दोन रात्री,
ज्यांच्या घरी जागा असेल त्यांनी सही करावी.
जागा म्हणजे किती, ते पत्रात नव्हतं.
कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत
माणसं मावतात, सवयीनं मावतात.
पण ट्युबा?
कॉटखाली जाईना, कपाटावर चढेना,
शेवटी देव्हाऱ्याखाली भिंतीला टेकवून बसवली,
पितळी, पोटाळी,
लग्नाला चार दिवस आधीच आलेल्या आत्याबाईसारखी.
हिनं दोन दिवस पदर खोचून ठेवला,
येता-जाता तिला लागू नये म्हणून.

लालरेमसांगी.
आमच्या तोंडात नावाचं शेपूटच राहिलं: सांगी.
"नावातच सांग आहे, आणि पोरगी काही सांगत नाही,"
ही कुजबुजली.
भाकरी नको. चहा नको. भात चालेल.
सकाळीही भात.
आमची वेदश्री तिला इंग्रजीत काहीबाही विचारी
आणि मला तोडकंमोडकं सांगे:
पप्पा, तिकडे सगळं गाव उभं आहे,
शाळेला तीनशे पायऱ्या,
ही पेटी घेऊन.
तिनं कॉलर सारखी केली तेव्हा दिसला,
मानेजवळ पट्ट्याचा घट्टा.
आमच्या टोळीत सगळ्यांना असतो तो.

रात्री तिनं एक कळ दाबून नळी वाकडी केली,
फरशीवर पाणी पडलं, चमचाभर.
ही फडकं घेऊन धावली: थुंकी गं बाई!
वेदश्री म्हणाली, थुंकी नाही आई,
आत गेलेल्या श्वासाचं पाणी होतं.
हिनं तरी पुसलंच. पण हळू पुसलं.
वाजवायची तर सोयच नव्हती,
खाली साबळ्यांचं तान्हं, वर बारावीचा पोरगा.
मग तिनं नुसता तोंडाचा पितळी पेला काढला
आणि ओठ थरथरवत बसली,
डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखी,
अकरापर्यंत.

शनिवारी मैदानात कार्यक्रम.
भाषण, हार, माईकची शिट्टी, पुन्हा भाषण.
मग आमच्या पोरांचे बिगुल आणि ढोल, त्यांचे कर्णे,
सगळे मिळून एकच गत.
वेदश्रीचा सूर दुसऱ्या ओळीतच फाटला,
तिनं तो तसाच पुढे ओढला.
मी सांगीची वाट बघत होतो,
आता वाजवेल, मग वाजवेल.
ती वाजवतच होती.
एकच: पूं. थांबून, पूं.
शेजारचे कदम म्हणाले,
एवढं धूड एवढ्या लांबून, आणि एवढंच?
मी म्हणालो, कदम,
गोणी चढवताना मागून हात लावणारा
दिसतो का कुणाला?
काढून बघा त्याला.
कदमांच्या तोंडात शेंगदाणे होते.

रविवारी पहाटे बस.
मी पेटीला हात घातला, तिनं तो बाजूला केला,
मग थोडा विचार करून एक कडी माझ्याकडे दिली.
दोघांनी उतरवली, तीन मजले.
असं वाटून नेलेलं ओझं हलकं होत नाही,
उलट अवघड होतं,
जिन्याच्या वळणावर तर फारच.
तरी.

बस गेल्यावर वेदश्री काही बोलली नाही.
मे महिन्यात आपल्या मुलांनी तिकडे जायचं,
तो फॉर्म टीव्हीखाली पंधरा दिवस पडून आहे,
खर्चाच्या आकड्याभोवती पेनानं गोल.
मी त्याचाही अंदाज घेऊन पाहिला,
किती हप्ते, किती रात्रपाळ्या.
तिथे मात्र माझा काटा हलत राहतो.

देव्हाऱ्याखाली, निघताना ओतलेलं,
चमचाभर पाणी अजून होतं.
हिनं त्याच्या कडेकडेनं झाडलं.